एच-वन-बीवाल्यांमुळे अमेरिकन प्रोग्रामरचा पगार पडतो का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे कुशल परदेशी माणसांना मालकामार्फत मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत. शेजारच्या डेस्कवरचा पन्नाशीचा अमेरिकन सहकारी, एरवी चांगला मित्र, परवा जेवताना म्हणाला, "तुझ्याबद्दल तक्रार नाही, पण तुमच्यासारखे इतके आले म्हणून माझा पगार पंधरा वर्षं जागचा हललेला नाही. वरच्यांचे बोनस मात्र वाढतायत." यांना तिथल्या तिथे काही उत्तर सुचलं नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती, आणि कुशल परदेशी माणसं आल्याने पगारांतली दरी वाढते की कमी होते, असं त्यांनी विचारलंय.

मी बावीस वर्षं कॉम्पेन्सेशनचं काम करते. कुठल्या पदाला किती पगार, कुठल्या शहरात किती, वार्षिक वाढ कोणाला किती, हे ठरतं तेव्हा कंपनीच्या बाजूने बसते. त्याआधी मी स्वतः एच-वन-बीवर प्रोग्रामर होते. १९९९ साली वायटूकेच्या लाटेत आले. पहिल्या कंपनीने मला दोन महिने बेंचवर, म्हणजे काम न देता, बसवून एक पैसा दिला नाही. हे बेकायदा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, माहीत असतं तरी मी तोंड उघडलं नसतं. का उघडलं नसतं, त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्याकडे येतेच.

आधी मित्राचं जे खरं आहे ते त्याला देऊन टाका. आपल्याकडचे बरेच जण या विषयावर बोलताना "आम्ही कोणाचं काही घेत नाही, आम्ही फक्त भर घालतो" असं म्हणून मोकळे होतात. तसं नाहीये. जॉन बाउंड, गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ ते २००१ या काळाचा हिशेब मांडला आहे. त्या वर्षांत परदेशी संगणक तज्ज्ञांची भर पडली नसती, तर २००१ साली अमेरिकन संगणक तज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते आणि त्या कामात असणारे अमेरिकन ६.१ ते १०.८ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे फटका बसला. ज्याचं काम तुमच्या कामासारखंच आहे, त्यालाच बसला. तुमच्या मित्राचं काम अगदी तुमच्यासारखं आहे.

पण आकडा पुन्हा वाचा. पंधरा वर्षं गोठलेला पगार पाच टक्क्यांत मावत नाही. आणि त्याच हिशेबाचा उरलेला भाग फारसा कोणी सांगत नाही: आयटीच्या वस्तू आणि सेवा स्वस्त झाल्या, त्याचा फायदा ग्राहकांना आणि इतर क्षेत्रांतल्या लोकांना मिळाला, आणि तंत्रज्ञान कंपन्यांचे नफे चांगलेच वाढले. तुमच्या मित्राने एका वाक्यात दोन गोष्टी म्हटल्या होत्या, माझा पगार आणि वरच्यांचे बोनस. हा हिशेब दोन्हींबद्दल बोलतो.

आता याच्या अगदी उलट वाटणारा अभ्यास. जोव्हानी पेरी, केव्हिन शिह आणि चॅड स्पार्बर यांनी १९९० ते २०१० या काळातली २१९ अमेरिकन शहरं तपासली. ज्या शहरांत परदेशी विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांचं प्रमाण वाढलं, तिथे पदवीधर अमेरिकनांचे पगार वाढलेले दिसले, आणि पदवी नसलेल्यांचेही वाढले, जरा कमी. हा अभ्यास इमिग्रेशनचे समर्थक भाषणात वापरतात आणि आधीचा विरोधक वापरतात. मला दोन्हींत भांडण दिसत नाही. पहिला अभ्यास विचारतो, बाजूच्या खुर्चीतल्याचं काय झालं? दुसरा विचारतो, शहरातल्या सगळ्यांचं काय झालं? प्रोग्रामर स्वस्त आणि मुबलक झाले की प्रॉडक्ट मॅनेजर, सेल्सवाले, वकील, अकाउंटंट, कंपनीच्या शेजारचा कॅफेवाला यांना काम वाढतं. एन्रिको मोरेट्टी यांच्या हिशेबाने तर हाय-टेकमधली एक नोकरी त्या शहरात कालांतराने आणखी पाचेक नोकऱ्या उभ्या करते. शहराचा एकूण हिशेब फायद्यात, आणि एका विशिष्ट खुर्चीचा थोडा तोट्यात, असं एकाच वेळी असू शकतं. सरासरीत राहायला कोणी जात नाही, ही तुमच्या मित्राची अडचण आहे.

खुर्च्या मोजलेल्या आहेत की वाढणाऱ्या, यावरही बरंच ठरतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले शेकडो गणिती अमेरिकेत आले, आणि आले ते उच्च दर्जाचे. जॉर्ज बोर्हास आणि कर्क डोरन यांनी नंतर पाहिलं तर ज्या अमेरिकन गणितींचे विषय सोव्हिएत गणितींच्या विषयांशी जुळत होते, त्यांची शोधनिबंधांची संख्या घसरली होती. काहींना कमी नावाच्या विद्यापीठांत जावं लागलं. गणित विभागात जागा ठरलेल्या असतात, नियतकालिकांची पानंही ठरलेली असतात. एक आला की एक सरकतो. याउलट १९३३ नंतर नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आले, तेव्हा त्यांच्या विषयांतली अमेरिकन पेटंटं ३१ टक्क्यांनी वाढली, असं पेट्रा मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. ती वाढ बरीचशी त्या विषयांकडे वळलेल्या अमेरिकन संशोधकांमुळे होती. रसायन उद्योग तेव्हा फैलावत होता. सॉफ्टवेअर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते कुठे हे वर्षागणिक बदलतं. १९९९ मध्ये खुर्च्या रोज वाढत होत्या, २००२ मध्ये मोजलेल्या होत्या. २०२१ आणि २०२३ मध्येही तसाच फरक. तुमचा मित्र कोणत्या वर्षी चिडतो ते बघा, साधारण या चक्राशी जुळेल.

एच-वन-बीच्या लॉटरीवरचे अभ्यासही असेच आहेत. अर्ज मर्यादेहून जास्त आले की चिठ्ठ्या टाकून निवड होते, ती ही लॉटरी. लॉटरी म्हणजे अर्थशास्त्रज्ञांना सोन्याची खाण. त्या वर्षांत कोणत्या कंपनीला व्हिसा मिळाला हे निव्वळ नशिबाने ठरायचं, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. डोरन, गेल्बर आणि आयझेन यांना आढळलं की लॉटरी लागलेल्या कंपन्यांची पेटंटं वाढली नाहीत आणि व्हिसावाल्याने बहुतांशी दुसऱ्या कोणाची तरी जागा घेतली. महाजन, मोरालेस, शिह, चेन आणि ब्रिनाट्टी यांनी २००७ ची लॉटरी पाहिली तर जिंकलेल्या कंपन्या वाढल्या होत्या आणि अमेरिकन कर्मचाऱ्यांना मोठ्या प्रमाणात बाजूला सारल्याचं दिसलं नाही. इथे मी अभ्यासकाची टोपी काढून माझी घालते. माझ्या अनुभवात दोन्ही प्रकारच्या कंपन्या आहेत, आणि बाहेरून पाहिलं तर अर्जावर दोन्ही सारख्याच दिसतात. एक माणूस शोधते आणि मग त्याच्यासाठी व्हिसा शोधते. दुसरी व्हिसा मिळवते आणि मग त्या माणसाला कुठे पाठवायचं ते शोधते.

दुसऱ्या प्रकारची कंपनी कशी चालते ते कायद्यातच लिहिलेलं आहे, म्हणून आता जरा कायद्याच्या पोटात शिरू. माझं खरं काम इथेच चालतं, त्यामुळे थोडं लांबेल.

एच-वन-बी १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० ची मर्यादा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी नंतर आणखी २०,०००. डॉट-कॉमच्या दिवसांत मर्यादा १,१५,००० आणि मग १,९५,००० पर्यंत नेली, २००४ मध्ये पुन्हा ६५,००० वर आणली. व्हिसाआधी मालक श्रम खात्याकडे एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची हमी देणारा अर्ज, दाखल करतो. त्यात शपथेवर लिहून देतो की या माणसाला त्याच्यासारख्याच इतर कर्मचाऱ्यांइतका पगार किंवा त्या भागातला प्रचलित पगार, यातला जो जास्त तो देईन. ऐकायला हे कडेकोट वाटतं. प्रत्यक्षात श्रम खातं सात कामकाजाच्या दिवसांत अर्ज मंजूर करतं आणि फक्त रकाने भरलेत का, उघड चूक आहे का, एवढंच बघतं. पगार योग्य आहे का, हे तेव्हा कोणी तपासत नाही. तपासतात ते नंतर, बहुधा तक्रार आली तरच.

आणि प्रचलित पगार म्हणजे काय? त्याच्या चार लेव्हल आहेत. लेव्हल एक साधारण सतराव्या पर्सेंटाइलवर येते, म्हणजे त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभरांतले ८३ त्याहून जास्त कमावतात. लेव्हल दोन चौतिसाव्यावर, तीन मध्यावर, चार सदुसष्टाव्यावर. म्हणजे चारातल्या पहिल्या दोन लेव्हल मध्याच्या खाली आहेत, आणि "प्रचलित पगार" या नावाखाली त्या कायदेशीर आहेत. रॉन हिरा आणि डॅनियल कोस्टा यांनी २०१९ चे अर्ज मोजले, तर मंजूर झालेल्या एच-वन-बी पदांपैकी ६० टक्के या खालच्या दोन लेव्हलवर होती.

लेव्हल माणसाची नसते, पदाची असते. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तुमच्याकडे आठ वर्षांचा अनुभव असला तरी पदाच्या वर्णनात किमान अनुभव कमी लिहिला, कोणाच्या तरी हाताखाली काम असं लिहिलं, की लेव्हल ठरवायचं गुणपत्रक भरताना पॉइंट लागत नाहीत आणि पद खालच्या लेव्हलला राहतं. यात खोटं काहीच नसतं. पदाला खरंच तेवढाच किमान अनुभव लागतो. माणूस मात्र त्याहून जास्त घेऊन आलेला असतो आणि कामही जास्तीचंच करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशी गुणपत्रकं भरली आहेत. सिनियरने समोर बसून शिकवलं होतं की वर्णनातला कोणता शब्द किती महाग पडतो.

याच्या जोडीला ६०,००० डॉलरची फट. ज्या कंपन्यांत एच-वन-बीवाल्यांचं प्रमाण फार आहे, मोठ्या कंपनीच्या बाबतीत पंधरा टक्के किंवा जास्त, त्यांना कायद्याने वेगळी हमी द्यावी लागते: अमेरिकन कर्मचाऱ्याला काढून याला घेत नाही, आणि आधी इथे माणूस शोधला होता. पण व्हिसावाल्याला वर्षाला ६०,००० डॉलर दिले किंवा त्याच्याकडे मास्टर्स असेल, तर ही हमी लागत नाही. हा आकडा १९९८ सालचा आहे. तेव्हा तो चांगला पगार होता; मला स्वतःला तेवढा नव्हता. त्यानंतर महागाई कुठच्या कुठे गेली, आकडा तिथेच आहे.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्लँडोच्या डिस्नीतल्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की तुमच्या नोकऱ्या जाणार आहेत, तोवर कंत्राटदारांकडून आलेल्यांना काम शिकवा. या शिकायला आलेल्यांपैकी बरेच जण एच-वन-बीवर होते. काहींनी दावा लावला आणि २०१६ मध्ये तो फेटाळला गेला. कारण ऐकून चक्रावाल: इथल्या कर्मचाऱ्यांच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होणार नाही, ही एलसीएतली हमी व्हिसा काढणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरती असते. काढलेले लोक डिस्नीचे, व्हिसावाले कंत्राटदारांचे. कायदा मोडलाच गेला नाही. तुमच्या मित्राच्या वयाच्या प्रत्येक अमेरिकन प्रोग्रामरने ही बातमी वाचलेली असते. तो तुमच्याकडे बघतो तेव्हा हीच त्याच्या डोक्यात असण्याची शक्यता बरीच आहे.

कंत्राटाच्या साखळीत दरी कशी वाढते ते समजुतीच्या आकड्यांत सांगते. समजा क्लायंट तासाला ९० डॉलर मोजतोय. मध्ये एक मुख्य व्हेंडर, म्हणजे माणसं पुरवणारी कंपनी, त्याखाली दुसरा. कोड लिहिणाऱ्याच्या हातात ५५ पडतात. बजेटवाल्याला ९० दिसतात, म्हणजे त्याच्या मते प्रोग्रामर काही स्वस्त नाही. शेजारच्या अमेरिकन प्रोग्रामरला वाटतं हा ५५ वर राबतो म्हणून माझी किंमत पडली. मधले ३५ कोणाच्याच डोळ्यासमोर नसतात.

एक आणखी बारकी गोष्ट, जी चर्चेत फारशी येत नाही. शिक्षण संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करणारा परदेशी विद्यार्थी पहिली काही वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या करातून मुक्त असतो, आणि त्याच्यापुरता मालकही मुक्त असतो. मालकाचा वाटा ७.६५ टक्के. पगार अगदी समान ठेवला तरी नुकताच पास झालेला अमेरिकन तेवढ्याने महाग. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना ओपीटी एकूण तीन वर्षं मिळते. इमिग्रेशनच्या बाजूने असलेल्या माझ्यासारखीलाही ही सवलत काढून टाकावीशी वाटते. तिचं समर्थन करता येईल असं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

आता बेंचवरच्या दोन महिन्यांकडे येते. कायद्याने तो पगार माझा होता; १९९८ च्या दुरुस्तीने काम नसलेल्या दिवसांचाही पगार सक्तीचा केला होता. पण तक्रार केली असती तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर देशात राहण्याचा हक्क. आज नोकरी गेल्यावर साठ दिवसांची मुदत मिळते. तेव्हा असा ठरलेला दिलासा नव्हता. पगार पाडायला हा एकच धागा पुरतो. बाजारात पगार वाढतो तो बहुतेकदा कंपनी बदलल्याने, किंवा बदलीन असं मालकाला खरं वाटल्याने. ज्याला हलता येत नाही, त्याला वाढ द्यायची गरज नसते.

हे तत्त्व म्हणून सांगत नाही. वार्षिक वाढीच्या बैठकांत एक रकाना असतो, "फ्लाइट रिस्क", म्हणजे हा माणूस सोडून जाण्याचा धोका किती. बजेट ठरलेलं असतं, समजा साडेतीन टक्के, आणि ते वाटताना पहिला हिस्सा जास्त धोक्यावाल्यांना जातो. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांसमोर "लो" लिहिलेलं मी किती वेळा पाहिलं याची गणती नाही. "व्हिसा आहे म्हणून लो" असं कोणी लिहीत नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना असते. मॅनेजर नुसतं म्हणतो, "तो कुठे जाणार आहे!" दोनेक वर्षांनी त्या मॅनेजरच्या लक्षात येतं की त्याच टीममधला पन्नाशीचा अमेरिकनही तसाच आहे. घराचे हप्ते, वय, पुन्हा कोडिंगच्या मुलाखती देण्याचा कंटाळा. त्याच्यासमोरही "लो" येतं, आणि त्याच्या वाढीचं मोजमाप आता तुमच्या वाढीशी होतं. तुमच्या मित्राचा पगार गोठण्यात तुमचा हात असेल तर तो एवढाच.

कायद्याने तुम्ही कंपनी बदलू शकता, २००० सालापासून नव्या मालकाचा अर्ज दाखल झाला की लगेच. पण नव्या मालकाला ग्रीन कार्डची प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. जुनी तारीख टिकते, मधली वर्षं अनिश्चित जातात. आणि तारखेला अर्थ का आहे? नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यात कुटुंबीयही मोजलेले, आणि कोणत्याही एका देशाला ढोबळपणे सात टक्क्यांची मर्यादा. भारत आणि आइसलँड यांना सारखीच. अलीकडची काही वर्षं एच-वन-बीच्या मंजुरींपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीयांच्या आहेत. सहा वर्षांचा व्हिसा रांगेमुळे पंधरा-पंधरा वर्षं वाढवत न्यावा लागतो. रांग लांबवून अमेरिकन प्रोग्रामरचं रक्षण होतं असं मानणारे खासदार आहेत. माझ्या मते ती रांग त्याला तुमच्याइतकीच महाग पडते.

मग दरी वाढली की घटली? कोणती दरी, हे आधी ठरवायला हवं. पदवीधर आणि बिनपदवीवाले यांच्यातली दरी कुशल लोक आल्याने थोडी कमीच व्हायला हवी. वरच्या थरात माणसं वाढली की वरच्या थराचा भाव उतरतो, खालच्या थराला काम मिळतं. मात्र ज्या शहरांत हे घडतं तिथल्या घरभाड्यांनी खालच्या थराची कमाई खाऊन टाकली, हे सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. तंत्रज्ञानाच्या आतली दरी वाढली. परदेशी लोक कोडिंगमध्ये आले तसे अमेरिकन पदवीधर संवाद आणि व्यवस्थापनाच्या कामांकडे सरकले, असं पेरी आणि स्पार्बर यांनीच दाखवलं आहे, आणि त्या कामांना पगार चांगला आहे. पंचविशीतला सरकतो. पन्नाशीतला जावा प्रोग्रामर "तू आता प्रॉडक्ट मॅनेजर हो" म्हटल्याने होत नाही. तिसरी दरी पगार आणि शेअर्स यांच्यातली. ती सगळ्यांत मोठी आहे, आणि तुमच्या मित्राने ज्या बोनसबद्दल तक्रार केली तो तिथून येतो. ज्याच्याकडे कंपनीचे शेअर्स आहेत त्याला स्वस्त प्रोग्रामरचा फायदा पूर्ण मिळतो, मग तो मिनेसोटात जन्मलेला असो की मिरजेत.

सगळे एच-वन-बीवाले स्वस्त असतात असंही नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्यांच्या पगाराचा मध्य १,२०,००० डॉलर होता. मोठ्या प्रॉडक्ट कंपन्या त्याहून बरंच जास्त देतात, शिवाय शेअर्स. एकाच व्हिसाखाली दोन वेगळे बाजार चालतात, आणि वाद घालणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचा बाजार उचलतो.

२०२२ नंतरच्या नोकरकपातीबद्दलही मित्राशी बोलणं होईलच. तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळून दीड वर्षात पाच टक्क्यांच्या वर नेले. आणि २०१७ च्या कर कायद्यातली एक तरतूद २०२२ मध्ये लागू झाली: संशोधन आणि सॉफ्टवेअर विकासाचा खर्च, म्हणजे मुख्यतः प्रोग्रामरचे पगार, त्याच वर्षी वजा न करता पाच वर्षांवर पसरायचा. छोट्या कंपन्यांना नफा नसताना कर भरावा लागला. २०२५ मध्ये देशांतर्गत खर्चापुरती ती मागे घेतली गेली. त्या दोन वर्षांत मी ज्या याद्या हाताळल्या त्यांत व्हिसावाल्यांचा विषय निघाला तो एकाच कारणाने: यांना साठ दिवस मिळतील, तर शेवटची तारीख थोडी पुढे ढकलता येईल का.

दार बंद केलं तर? प्रयोग झालेला आहे. २००४ मध्ये मर्यादा एकदम खाली आली तेव्हा, ब्रिटा ग्लेनन यांनी दाखवल्याप्रमाणे, व्हिसावर जास्त अवलंबून असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बाहेरच्या शाखांत भरती वाढवली, मुख्यतः कॅनडा, भारत आणि चीनमध्ये. २०२३ च्या जुलैत कॅनडाने अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी १०,००० परवाने खुले केले, ते दोन दिवसही पुरले नाहीत. भारतात आज बहुराष्ट्रीय कंपन्यांची सतराशेहून जास्त जीसीसी, म्हणजे त्यांचंच काम इथून करणारी स्वतःची केंद्रं, आहेत. मला आता एका पदासाठी तीन देशांतले पगार एकाच ओळीत मांडून द्यावे लागतात, आणि ती ओळ बघणाऱ्याला व्हिसाच्या भानगडीत पडायची इच्छाच उरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा आकार लावला गेला, त्याने ही ओळ आणखी सोपी झाली. लेव्हल एकचा गैरवापर त्याने थांबेल हे खरं. त्याबरोबर लहान कंपन्यांचे आणि संशोधन संस्थांचे सरळ अर्जही थांबतील.

पगारानुसार लॉटरीत वजन देण्याचा २०२६ पासूनचा नियम, लेव्हल चारला चार चिठ्ठ्या आणि लेव्हल एकला एक, मला त्यापेक्षा बरा वाटतो. पण लेव्हल स्थानिक असते. लहान गावातला लेव्हल चार सॅन होजेतल्या लेव्हल दोनपेक्षा कमी कमावू शकतो, आणि चिठ्ठ्या मात्र दुप्पट. शिवाय आता पदाचं वर्णन फुगवण्याची कला शिकवली जाईल, जशी मला आखडण्याची शिकवली होती. माझ्या हातात असतं तर मी लेव्हल एक मध्यावर आणली असती आणि ग्रीन कार्डचा अर्ज मालकाऐवजी माणसाच्या नावावर चालवला असता, म्हणजे नोकरी बदलली तरी तो त्याच्याबरोबर जाईल. फ्लाइट रिस्कचा रकाना मग आपोआप बदलला असता.

मित्राला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बोलण्याआधी एक काम करा. तुमची एलसीए काढा. तिची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी होती. तिच्यावर तुमची लेव्हल आणि प्रचलित पगार लिहिलेला आहे. कंपनीने पगाराची माहिती नोटिशीच्या रूपात ऑफिसात दोन ठिकाणी दहा दिवस लावलेली असणार, बहुधा ब्रेकरूममध्ये किमान वेतनाच्या पोस्टरशेजारी, जिथे कोणी वाचत नाही. शिवाय प्रत्येक एलसीएची एक फाइल असते, जी कोणीही मागू शकतो, तुमचा मित्रसुद्धा. पगाराबद्दल आपसात बोलणं, दोघंही सुपरवायझर नसाल तर, १९३५ च्या श्रमसंबंध कायद्याने तुमचा हक्क आहे. एचआर काहीही म्हणो. त्याचा पगार आणि तुमचा पगार शेजारी ठेवा. काम एकच आणि तुमची लेव्हल दोन असेल, तर व्हिसा वाढवण्याच्या वेळी मॅनेजरपुढे विषय काढा. वाढवताना नवी एलसीए लागते आणि लेव्हल नव्याने भरावी लागते. अर्ज गेल्यानंतर नाही, आधी काढा. किमान चार महिने आधी, कारण वकिलाकडे कागद गेले की कोणी वर्णनाला हात लावत नाही.